शेवटून दुसरी ओळ

आमच्या घरात अंघोळीला जायचं तर लाईन क्लिअर मागावी लागे. न्हाणीच्या दाराला कडी नव्हती. त्यामुळे बाहेरून ओरडायचं, "लाईन क्लिअर?" आत आई असली तर "थांब वं जराशी" म्हणे आणि बाबा असले तर "आउटरले उभी राय", म्हणजे सिग्नल न मिळालेल्या गाडीसारखी बाहेर थांब, असं उत्तर येई. जेवायला उशीर झाला की बाबा विचारत, "भाकर कितीक लेट हाये?" आणि आई तव्यावरून नजर न काढता म्हणे, "तुमची गाडी येते तवा येते, तशीच भाकर येईन." अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरातल्या दोन खोल्या, मागे तीन हात अंगण, अंगणात एक कढीपत्ता आणि त्याच्या पानांवर कायम कोळशाची बारीक काजळी. फोडणीत घालायच्या आधी आई पानं तीनदा धूत असे. तरी बाबा म्हणत, "नोको धुवू एवढी, इंजिनाची चव जाते."

बाबा छोट्या लाईनीवर, म्हणजे अकोल्याहून अकोट, हिवरखेडवरून सातपुड्यात चढणाऱ्या मीटरगेजवर पॅसेंजर गाडीचे गार्ड होते. शेवटच्या डब्यात बसणारा, गाडीत चढणारं-उतरणारं कोणी राहिलं नाही ना हे पाहून शिटी फुंकणारा आणि हिरवी झेंडी दाखवणारा माणूस. आता ती लाईनही उखडली आणि त्या कामाचं नावही बदललं. लोक इंजिनावर जीव टाकतात, बाबांचा जीव गाडीच्या शेपटात होता. ते म्हणत, "डायवरले फक्त पुढचं दिसते. मले आख्खी गाडी दिसते, शोभे. वळणावर तिचं पोट दिसते, घाटात पाठ दिसते." ड्युटीवर निघताना अंगणात उभं राहून ते एकदा शिटी वाजवून बघत. मग काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, दयाराम, आत झेंड्या, दिवा, कागद आणि एका कोपऱ्यात फडक्यात बांधलेली कळण्याची भाकर, ठेचा, कांदा. पातोडीचा रस्सा केला असला तर तो वेगळ्या डब्यात, कारण एकदा तो हिरव्या झेंडीवर सांडला होता आणि पूर्ण महिनाभर आमच्या गाडीला मसाल्याचा वास येत होता.

परत येताना पेटीबरोबर पिशवी असे. हिवरखेडची केळी, अडगावची वांगी, घाटातली सीताफळं. "हे गाडी हाये का बाजार?" आई विचारी. "दर स्टेशनवर आपला माणूस हाये," बाबा अभिमानाने सांगत. सुटीच्या दिवशी इतरांचे वडील सिनेमाला नेत, आमचे स्टेशनावर. मोठ्या लाईनीच्या फलाटावर एका बाकड्यावर आम्ही तिघं रांगेत बसायचो, हातात कागदातला आलुबोंडा, आणि समोरून जाणाऱ्या गाडीचा शेवटचा डबा येईपर्यंत बोलायची बंदी. तो डबा आला की बाबा उभे राहून त्या अनोळखी गार्डाला हात करीत. तोही करी. मग आम्ही खायला लागायचो. आईने एकदाच विचारलं होतं, "सुट्टीच्या दिवशीबी हेच पाहाचं का हो?" बाबा म्हणाले, "आज दुसऱ्याची हाये न." त्यावर ती हसली होती. मला तिचं ते हसू नीट आठवतं, कारण नंतर बरीच वर्षं ते कुठे दिसलं नाही.

बाबांच्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा शफी चाचांच्या हातात असे. शफी चाचा आमच्या मागच्या ओळीतल्या क्वार्टरात राहत. दोघं एकाच गाडीवर, पण मध्ये सात-आठ डबे, त्यामुळे दिवसभर बोलणं शिटीचं आणि झेंडीचं. साठलेलं सगळं संध्याकाळी आमच्या ओट्यावर निघे. "तुह्या बापाले मी रोज फुकट ओढून नेतो," चाचा मला सांगत. "अन् मी झेंडी नाही दाखवली तं हलून दाखव," बाबा म्हणत. चाचांच्या घरी ईदला शीरखुर्मा झाला की रशीदा चाची पहिलं भांडं आमच्याकडे पाठवायची. आमच्याकडे रोडगे झाले की पहिली ताटली तिकडे. या देवाणघेवाणीत कोणी कधी रिकामं भांडं परत केलं नाही, साखर का असेना, काहीतरी घालूनच.

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी हिवरखेडला मावशीकडे जाऊन परत येत होते. बाबांचीच गाडी. मी शेवटून दुसऱ्या डब्यात खिडकीशी. हिवरखेडलाच, गाडी सुटायच्या आधी, माझ्या डब्यातून एक बाई उतरत होती. गाठोडं तिने आधी खाली टाकलं आणि दांडीला धरून एक पाय पायरीवर ठेवला. बाबा तिच्यापासून दहा-बारा पावलांवर फलाटावर उभे होते. त्यांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. चेहरा सरळ तिच्या दिशेला होता. मग शिटी फुंकली आणि झेंडी हलवली. गाडीने हिसका दिला, बाई दांडीला लोंबकळली, आणि केळीवाल्याने तिचा दंड धरून तिला ओढून घेतलं म्हणून ती फलाटावर पडली, खाली गेली नाही. "ओ गार्डसाब, आंधळे झाले का?" तो ओरडला. बाबा तोपर्यंत डब्यात चढले होते. घरी ते आईला म्हणाले, "एक बाई सावकाश उतरली म्हनते, केळीवाला उगाच बोंबलून राहिला होता." त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. पाहिलं होतं ते मी. माझ्या बापाने त्या बाईकडे तोंड करून पाहिलं, आणि ती त्यांना दिसलीच नाही.

मग मला बाकीचंही दिसायला लागलं. ओट्यावर येणारा माणूस कोण हे ते चपलांच्या आवाजावरून सांगत. ताटातल्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहून जाई. मैदानापलीकडून मी हात केला तर ते हात करीत नसत. मी म्हणाले, "बाबा, एकदा डोळे दाखवून या ना." ते बराच वेळ पेटीचं कुलूप चाचपत राहिले. "डोळे दाखवले का झेंडी जाते, शोभे," ते म्हणाले. "मंग मी कोन?"

पण गाडीवरच्या माणसांना ठरावीक वर्षांनी डोळे तपासून घ्यावेच लागत, आणि त्या वर्षी बाबांची पाळी आली. नापास झालं तर नोकरी जात नसे, कुठेतरी बसून करायचं काम मिळे. आईला त्याची भीती वाटत नव्हती. अमरावतीला तिचा भाऊ होता, तिथे जागा मिळते असं तो म्हणत होता. आणि आता जे सांगायचं ते इथेच सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं मी फार चांगली असल्यासारखं वाचलं जाईल. मला अमरावतीला शिकायचं होतं. मामाकडे राहून शिकते असं मी म्हटलं तेव्हा बाबांनी ताट बाजूला सारलं होतं. "माही पोरगी कोनाच्या घरी पाव्हनी म्हनून राहनार नाही. राहू तं सगळे एका छपराखाली." म्हणजे सगळे गेले तरच मी जाणार. हे गणित मी करून ठेवलं होतं. हिवरखेडची ती बाई माझ्या डोळ्यांसमोर होती हे खरं, आणि हे गणितही होतं. कोणतं किती होतं हे मी आज पन्नाशी उलटल्यावरही स्वतःला विचारते, आणि दर वेळी उत्तर त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे येतं.

शफी चाचांची तपासणी बाबांच्या आठवडाभर आधी झाली. ते पास झाले आणि थेट आमच्याकडे आले. बाबा गाडी घेऊन गेले होते, आई नळावर होती.

"शोभा बेटा, कागद घे लवकर. डोक्यात हाये तोवर लिहून घे."

"काय चाचा?"

"त्या तक्त्याच्या खालच्या ओळी. वरच्या तं तुह्या बापाले दिसतीन. या दोन दिसाच्या नाहीत." त्यांनी डोळे मिटले, हात गुडघ्यावर ठेवला आणि एकेक इंग्रजी अक्षर सांगायला लागले. मध्ये थांबून पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघत. कपाळावर घाम होता. "बराबर लिहिलं न? वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. बरोबर लिहिलं होतं. "हे तुह्या मायलेबी नोको सांगू," ते म्हणाले. "दयाराम गाडीवरून उतरला तं मरून जाईन तो. अन् मले दुसरा गार्ड नाही पायजे."

ते गेल्यावर मी दुसरा कागद घेतला. शेवटची ओळ जशीच्या तशी उतरवली. शेवटून दुसऱ्या ओळीतली दोन अक्षरं मी माझ्या मनाने बदलली. पहिला कागद चुलीत घातला. यात पाच मिनिटंही गेली नसतील. बाबा आल्यावर, चाचांनी सांगितलेल्या ओळी म्हणून, तो दुसरा कागद मी त्यांना दिला.

बाबांनी त्या ओळी कशा पाठ केल्या हे सांगायला हवं, कारण तशा पाठ करणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. अक्षरं त्यांच्या लक्षात राहीनात. मग त्यांनी प्रत्येक अक्षराला एक स्टेशन दिलं. एच म्हणजे हिवरखेड, ए म्हणजे अडगाव, अशी आपल्याच लाईनीवरची. सकाळी आई भाकरी थापत असताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत, एक डोळा तळव्याने झाकत, आणि त्या ओळी गाडी चालवल्यासारख्या म्हणत, प्रत्येक स्टेशनावर क्षणभर थांबून. मी कागद धरून तपासायची. "बरोबर, बाबा." रोज मी "बरोबर, बाबा" म्हणत होते. आई विचारी, "हे काय भजन लावलं सकाळी सकाळी?" बाबा म्हणत, "डोळ्याचा व्यायाम हाये." चांगल्या पाठ झाल्यावर त्यांनीच तो कागद माझ्या हातून घेतला आणि चुलीत टाकला.

तपासणीला मी डबा घेऊन बरोबर गेले. दार उघडंच होतं, मी बाहेरच्या बाकावर. डॉक्टर तरुण होता, मृदू बोलायचा. बाबांनी गणवेश इस्त्री करून घातला होता. वरच्या ओळी त्यांनी अडखळत वाचल्या. खालच्या ओळी आल्यावर आवाज एकदम मोकळा झाला. धडाधड म्हणाले, स्टेशन स्टेशन घेत. डॉक्टरने मान वर केली.

"पुन्हा एकदा सांगा, काका."

बाबांनी पुन्हा त्याच ओळी, त्याच ठेक्यात.

"तुम्ही वाचत नाही आहात, म्हणून दाखवताय," डॉक्टर म्हणाला. "दोन अक्षरं तक्त्यावर नाहीतच. आणि दोन्ही वेळा तुम्ही तीच सांगितलीत." त्याने उठून तक्ता पालटला, मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. "आता सांगा."

मला वाटलं होतं, बाबा चुकतील, डॉक्टर एक कागद भरेल, संपेल. असं होईल हे मला सुचलं नव्हतं. बाबा उभे होते, एक डोळा झाकलेला, गणवेशाची कॉलर ताठ. मग ते म्हणाले, "साहेब, पांढरं दिसते."

डॉक्टर भला माणूस होता. पाठांतराबद्दल तो कुठे काही लिहिणार नाही असं म्हणाला, पण गाडीवर पाठवणार नाही असंही म्हणाला. पुढच्या तपासणीत काचबिंदू निघाला. एका डोळ्याची बरीच नजर आधीच गेली होती, दुसऱ्याची औषधाने टिकली. वर्षानुवर्षं मी या काचबिंदूच्या आड उभी राहिले. बघा, वेळेत कळलं म्हणून वाचले, असं स्वतःला सांगत. ते खोटं नाही. पण मी ती अक्षरं बदलली तेव्हा मला काचबिंदू हा शब्दही माहीत नव्हता.

परतीच्या वाटेवर बाबा एकच वाक्य बोलले. "शफ्यानं चूक सांगतलं."

मी म्हणू शकले असते. तोंड उघडलंही होतं. "डबा खायचा राहिला," असं मी म्हणाले.

संध्याकाळी चाचा नेहमीसारखे ओट्यावर आले, हसत, काय झालं विचारत. बाबा उभेच राहिले. "तुले एक ओळ ध्यानात ठेवता आली नाही, शफी? एक ओळ? त्या पोट्ट्या डॉक्टरसमोर माह्यी इज्जत गेली."

"म्या तं बराबर सांगतलं होतं, यार." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "शोभा, म्या वाचून घेतलं होतं न तुह्याकडून?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. कुठून तरी डब्यांच्या शंटिंगचा आवाज येत होता. मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं तेच मी लिहिलं, चाचा."

त्यांचा चेहरा मावळला. ते स्वतःशीच ती अक्षरं पुटपुटायला लागले, मध्येच थांबले, पुन्हा सुरू केली. "मंग चुकलं असन माह्यं," ते म्हणाले. "चुकलं असन बावा. माफ कर." बाबा आत निघून गेले. त्यानंतर ईद आली, चाचीने भांडं पाठवलं, आणि बाबा आईला म्हणाले, वापस कर. आई करेना. मग मीच ते घेऊन गेले, झाकणही न उघडलेलं. चाचीने दोन्ही हातांनी ते घेतलं आणि विचारलं, "क्या हुआ बेटा? कुछ तो बता." मी मान खाली घातली. मी तेव्हाच कमी बोलायला लागले असणार. लोक मला अबोल म्हणतात, काहींना त्यात भारदस्तपणाही वाटतो. ते खरं म्हणजे एका वाक्यावर झाकण ठेवल्यासारखं आहे. ते वाक्य निघू नये म्हणून इतरही फारशी निघत नाहीत.

आम्ही अमरावतीला गेलो. मी शिकले, नोकरीला लागले, सगळं गणिताप्रमाणे झालं. बाबांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथेही त्यांनी मन लावून काम केलं. कोणी विचारलं अमुक गाडी कधी आहे, तर वेळेबरोबर कुठे चहा चांगला मिळतो आणि कुठल्या बाजूने ऊन येईल हेही सांगत. खिडकीसमोर रांग लागे, आणि रांगेतल्या कोणाची त्याबद्दल कटकट नसे. घरात ते तसेच प्रेमळ राहिले, माझ्या लग्नात नाचले, माझ्या मुलांना खांद्यावर घेतलं. फक्त सुटीच्या दिवशी ते स्टेशनावर कधी गेले नाहीत. आणि ओट्यावर कोणी बसायला आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. आई आधीच गेली होती. एका दुपारी मी त्यांना मऊ खिचडी भरवत होते. तेव्हा ते एकदम म्हणाले, "शफी हाये का वं अजून?"

"असतील, बाबा."

"त्यानं मुद्दाम नसन केलं." थोडा वेळ चावत राहिले. "चुकते मानूस. म्या जास्तच बोललो त्याले."

इतकी सोपी वेळ मला आयुष्याने दुसऱ्यांदा दिली होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्या हनुवटीवरचं शीत पुसलं आणि म्हटलं, "अजून एक घास घ्या." चार दिवसांनी ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मी अकोल्याला गेले. शफी चाचा आता मुलाकडे राहतात. दारात पलंगावर बसले होते, वाळलेले, पण डोळे लख्ख. माझं नाव सांगावं लागलं नाही. बाबा गेल्याचं त्यांना कळलं होतं. "कोनी बोलावलं नाही मले," ते म्हणाले, "म्हून आलो नाही." मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कागद, दोन अक्षरं, चूल, ओट्यावरचं माझं वाक्य.

ते म्हणाले, "दयारामले सांगतलं होतं?"

"नाही, चाचा."

"तो गेल्यावर मले सांगून राहिली."

"हो."

"तुले मालूम हाये का, त्यानंतर म्या गाडी कशी चालवली?" आवाज चढला नव्हता. "दर सिग्नल असिस्टंटले दोन-दोनदा विचारून. पोट्टे हासत. एक ओळ ध्यानात राहिली नाही त्या डोक्यावर कसा भरोसा ठेवू? घरी नमाज पढतानाबी वाटे, चुकलो तं नाही?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हनजे म्या बराबर सांगतलं होतं?"

"अगदी बरोबर, चाचा. एकही अक्षर चुकलं नव्हतं."

त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण त्यांनी तसं म्हटलं नाही. ते आत वळून ओरडले, "रशीदा! इधर आ." चाची भिंतीला धरत आली, मला पाहून तिने चहाचं विचारलं. चाचांनी हाताने तिला गप्प केलं आणि मला म्हणाले, "इले सांग."

मी सांगायला लागले. चाचीने कानामागे तळवा धरला. "क्या?"

"जोरानं बोल," चाचा म्हणाले. "तिले आयकू येत नाही आता."

दार उघडं होतं. ओसरीवर त्यांची सून गहू निवडत होती, पलीकडच्या दारात दोन बायका बोलत उभ्या होत्या. मी ओरडले, "चाची, चाचांची चूक नव्हती. त्यांनी बरोबर सांगितलं होतं. मी बदललं. मी खोटं बोलले."

सुनेचा हात सुपातच थांबला. पलीकडचं बोलणं बंद झालं. चाची माझ्या ओठांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत हळूहळू पाणी भरत होतं. चाचांनी उशीला टेकून पाठ सरळ केली.

"अजून एकदा," ते म्हणाले.